स्फटिक एक आणि शिल्लक मोजकी : 'इंडस-२' वर प्रथिनाची मोजणी कशी आखतात

इंदूरकर ज्याला 'कॅट रोड' म्हणतात त्या रस्त्याच्या टोकाला, होळकरांच्या सुखनिवासाच्या परिसरात, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. डिसेंबर २००५ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तेथील 'इंडस-२' हे यंत्र देशाला अर्पण झाले आणि त्याच वेळी केंद्राला राजा रामण्णांचे नाव मिळाले. तरी रिक्षावाल्याला आजही 'कॅट' असेच सांगावे लागते. आपल्यापैकी कितीतरी घरांतून कोणी ना कोणी तिथे नोकरीला होते किंवा आहे. असे असूनही "तिथे नेमके काय चालते?" या प्रश्नाचे उत्तर "काहीतरी लेसरचे, काहीतरी अणूचे" एवढ्यावरच थांबते.

हा लेख तिथल्या एकाच कामाविषयी आहे. प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून मोजणी करतात, तिची आखणी आधी कशी करतात, एवढाच त्याचा विषय. मंडळातील काही मुले-मुली जैवतंत्रज्ञान शिकतात. त्यांच्या तोंडी "बीमटाइम मिळाला" हे शब्द आले की घरच्यांना लॉटरी लागल्यासारखा आनंद दिसतो, पण पुढचे काही उमगत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे, जन्म खातेवह्यांत गेला. तरी हा विषय वाचताना आणि जाणत्यांना विचारताना आम्हाला सारखे वाटत राहिले की हा तर आमच्याच धंद्यातला प्रश्न आहे. खात्यात ठरावीक शिल्लक, नव्याने भरणा होणे नाही, आणि पहिला धनादेश फाडण्याआधीच ठरवायचे की कशावर किती खर्च करायचा.

प्रथिन म्हणजे आपल्या शरीरातली कामकरी मंडळी. रक्तातून प्राणवायू नेणारे हिमोग्लोबिन, साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन, अन्न पचवणारी विकरे, ही सगळी प्रथिनेच. प्रत्येकाचे काम त्याच्या घडीवर अवलंबून असते, कुलपाचे काम आतल्या खाचांवर अवलंबून असते तसे. औषध म्हणजे त्या खाचेत बसणारी किल्ली, म्हणून खाच दिसायला हवी. अडचण मापाची आहे. दोन कार्बन अणूंमधले अंतर साधारण दीड अँगस्ट्रॉम, आणि एका सेंटिमीटरात दहा कोटी अँगस्ट्रॉम. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी चार ते सात हजार अँगस्ट्रॉम. शेतजमीन मोजायच्या साखळीने सोन्याची तार मोजण्यासारखा हा प्रकार झाला. क्ष-किरणांची तरंगलांबी एक अँगस्ट्रॉमच्या आसपास आणता येते, म्हणून ते उपयोगी.

एका रेणूवर क्ष-किरण टाकून काही हाती लागत नाही. कोट्यवधी रेणू एकाच ढंगाने रांगेत बसले, म्हणजे स्फटिक झाला, तरच त्यांचे परावर्तन एकमेकांत मिळून ठसठशीत ठिपके पडतात. हजारो ठिपक्यांची तेजस्विता मोजून त्यावरून रेणूचा नकाशा काढायचा. हे काम सोपे कधीच नव्हते. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनचा ध्यास अनेक दशके धरला. १९६९ मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा त्यांच्या गटात आपले एम. विजयन होते. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी या विद्येची भारतातली शाखा उभी केली.

यंत्राविषयी थोडक्यात. 'इंडस-२' हे १७२.५ मीटर परिघाचे कडे आहे. त्यातून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात, सेकंदाला सतरा लाखांहून अधिक फेऱ्या. चुंबकाने त्यांना वळवले की वळणावर ते क्ष-किरण सोडतात, आणि ते किरण नळीतून बाहेरच्या कक्षांत नेतात. अशा प्रत्येक वाटेला बीमलाइन म्हणतात. एकविसाव्या क्रमांकाची बीमलाइन प्रथिनांसाठी आहे, ती भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मंडळींनी उभारली. ५ ते २० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे किरण तिथे निवडता येतात. सीसीडी जातीचा, २२५ मिलिमीटर बाजूचा चौकोनी डिटेक्टर आहे, नमुने बदलणारा यंत्रमानव आहे, थंड नायट्रोजनचा झोत आहे, आणि नमुने तयार करायला शेजारीच जीवरसायनाची प्रयोगशाळा आहे. ही सोय होण्याआधी भारतीय संशोधकांना परदेशी जावे लागे. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील एका बीमलाइनमध्ये आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाने भागीदारीही घेतली होती.

आता मूळ मुद्दा, शिल्लक. क्ष-किरण नुसते पाहून जात नाहीत. जे किरण ठिपके पाडतात ते मूठभर. त्यांच्याहून अधिक स्फटिकातच शोषले जातात आणि बंध तोडतात. शोषलेल्या ऊर्जेचे माप म्हणजे 'ग्रे', एका किलोमागे एक ज्यूल. माणसाच्या सर्वांगाला एकदम चार-पाच ग्रे मात्रा बसली आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. स्फटिकाला मात्र सुमारे तीन कोटी ग्रेपर्यंत नेतात. ऑक्सफर्डच्या एल्स्पेथ गार्मन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलेली ही वरची मर्यादा आहे. त्याआधी १९९० मध्ये रिचर्ड हेंडरसन यांनी दोन कोटीचा अंदाज मांडला होता. तीन कोटी ग्रे म्हणजे किती? एक किलो पाण्याची पूर्ण वाफ करायला जेवढी उष्णता लागते तिच्या दहापटीहून अधिक, तीही त्या कणभर वस्तूत तिच्या वजनाच्या प्रमाणात. एवढे सोसून स्फटिक टिकतो तो उणे १७३ अंश सेल्सियसला, नायट्रोजनच्या झोतात धरलेला असतो म्हणून. खोलीच्या तापमानाला तोच स्फटिक कितीतरी लवकर संपतो.

ही मर्यादा म्हणजे तळ, तिथवर जायचे नसते. नुकसान आधी आतून होते आणि बाहेरून उशिरा दिसते, ही खरी मेख आहे. ठिपके अजून छान दिसत असतात, पण तेवढ्यात प्रथिनातले गंधकाचे जोडबंध तुटू लागलेले असतात, काही आम्लगट गळून पडू लागतात. मग जो नकाशा निघतो तो निरोगी प्रथिनाचा नसून जखमी प्रथिनाचा असतो. बँकेत आम्ही अशी कर्जखाती पाहिली आहेत. हप्ते वेळेवर येत आहेत, कागद स्वच्छ आहेत, आणि धंदा आतून पोकळ झाला आहे.

म्हणून आखणीचा पहिला प्रश्न असा, आपल्याला नेमके काय विकत घ्यायचे आहे? रेणूची रचना साधारण माहीत आहे आणि फक्त औषध कुठे बसले ते पाहायचे आहे? मग एक बेताची मोजणी पुरते. रेणू पूर्ण नवा आहे? मग वेगळा, महागडा मार्ग लागतो, त्याकडे पुढे वळू. अगदी बारीक तपशील हवा आहे? तो मिळण्याजोगा स्फटिक आहे का, ते आधी पाहा. सगळेच हवे म्हणणारा सहसा काहीच मिळवत नाही.

स्फटिक वाढायला आठवडे, कधी महिने लागतात. मोठा म्हटला तरी अर्ध्या मिलिमीटरचा, बहुधा त्याहूनही लहान. नायलॉनच्या इवल्या फाशात तो उचलतात, ग्लिसरीनसारख्या द्रवातून काढतात आणि झटकन गोठवतात. ग्लिसरीन अशासाठी की पाण्याचा बर्फ होऊ नये, काच व्हावी. बर्फ झाला तर चित्रावर ठरावीक अंतरांशी, ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमला, वलये उमटतात, आणि त्या पट्ट्यातले ठिपके वाया जातात. मुंबई-पुण्याहून येणारी मंडळी असे गोठवलेले स्फटिक द्रव नायट्रोजन शोषून धरणाऱ्या पात्रात आणतात. प्रवासात पात्र आडवे पडले आणि ऊब लागली तर महिन्यांचे काम गेले.

पोचल्यावर पहिला स्फटिक चढवला, ठिपके बरे दिसले, की लगेच पूर्ण मोजणी सुरू करण्याचा मोह होतो. जाणते तो टाळतात. आधी आणलेल्या सगळ्यांची फक्त दोन-दोन चित्रे घ्यायची, एक आहे त्या स्थितीत, दुसरे ९० अंश फिरवून. दोनच का? कारण काही स्फटिक एका बाजूने सुरेख आणि दुसऱ्या बाजूने फाटके असतात. घर विकत घेताना नुसता दर्शनी भाग पाहून सही करत नाहीत, तसेच. या चित्रांवरून मॉसफ्लम, बेस्ट अशा संगणक प्रणाली स्फटिकाची घडण ओळखतात आणि किती अंश फिरवावे, किती सेकंद किरण द्यावेत, याचा सल्ला देतात. सल्ला म्हणजे हुकूम नव्हे, पण तो न पाहता पुढे जाणे शहाणपणाचे नाही.

सल्ल्यामागचे गणित एका उदाहरणाने पाहू. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातले लायसोझाइम हे या विद्येतले सरावाचे प्रथिन. १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने त्याची रचना काढली, आणि विकरांमध्ये ती पहिली ठरली. त्याच्या नेहमीच्या स्फटिकातली एक पेटी, म्हणजे पुन:पुन्हा येणारा सर्वांत लहान घटक, साधारण ७९ × ७९ × ३८ अँगस्ट्रॉमची असते.

डिटेक्टर किती दूर ठेवायचा? ०.९८ अँगस्ट्रॉमचे किरण धरले आणि दोन अँगस्ट्रॉमपर्यंतचा तपशील हवा असला, तर २२५ मिलिमीटरचा डिटेक्टर सुमारे २०८ मिलिमीटरवर बसवावा लागतो. तीन अँगस्ट्रॉमवर समाधान असेल तर ३३० मिलिमीटरवर. जवळ आणला तर बारीक तपशील चौकटीत येतो पण ठिपके दाटतात, दूर नेला तर ठिपके सुटे होतात पण कडेचा तपशील चौकटीबाहेर जातो. लायसोझाइमची पेटी लहान, त्यामुळे २०८ वर शेजारच्या ठिपक्यांत अडीच मिलिमीटरची ऐसपैस जागा राहते. पेटी ४०० अँगस्ट्रॉमची असती तर तीच जागा अर्ध्या मिलिमीटरवर आली असती.

एका चित्रात स्फटिक किती फिरवायचा, हाही हिशेबच. दोन अँगस्ट्रॉमचा तपशील, ७९ अँगस्ट्रॉमची पेटी, आणि स्फटिकाची स्वतःची विस्कळीतपणाची ०.४ अंश सूट धरली, तर एका चित्रात साधारण एक अंशापलीकडे जाता येत नाही. गेलात तर ठिपक्यावर ठिपका चढतो. ४०० अँगस्ट्रॉमच्या पेटीचा लांब अक्ष किरणाच्या दिशेत आला की हा हिशेब शून्याखाली जातो, म्हणजे ती मोजणी तशी होणारच नाही. मग लांब अक्ष फिरण्याच्या अक्षाला समांतर राहील अशा बेताने फासा वाकवायचा, नाहीतर तपशिलाची अपेक्षा कमी करायची. हे चढवण्याआधी सुचले तर दोन मिनिटांचे काम आहे. मोजणी झाल्यावर सुचले तर त्याचा काही उपयोग नाही.

एकूण किती अंश, हा प्रश्न आमच्या घरातील महिलांना पुरुषांपेक्षा लवकर कळेल, कारण तो ठिपक्यांच्या रांगोळीचा आहे. रांगोळीचा एक भाग काढला आणि नक्षी चारी बाजूंनी सारखी आहे हे ठाऊक असले, तर उरलेले तीन भाग न पाहताही सांगता येतात. लायसोझाइमच्या नक्षीत एकाच ठिपक्याच्या सर्वसाधारणपणे सोळा प्रती निरनिराळ्या जागी पडतात. म्हणून स्फटिक कसा बसला आहे त्याप्रमाणे ४५ ते ९० अंशांत काम भागते. ज्या स्फटिकात अशी सममिती मुळीच नाही त्याला १८० अंश हवेतच. कुठून सुरुवात केली हेही तितकेच महत्त्वाचे. चुकीच्या कोनातून सुरू केले तर ९० अंशांची मजुरी देऊन नक्षीचा एक तुकडा दोनदा आणि दुसरा एकदाही नाही, असे होते. शिवाय ज्या अक्षाभोवती फिरवतो त्याच्या लगतचे काही ठिपके किरणाच्या वाटेत कधीच येत नाहीत. इथले गोनिओमीटर एकाच अक्षाचे असल्यामुळे फासा जरासा तिरका बसवणे हाच त्यावर साधा इलाज.

मग किती सेकंद? इथे आमचा अंकगणिताचा भाग आला. ठिपक्यात १०० फोटॉन मोजले तर मोजणीतली चूक सुमारे १० टक्के, १०,००० मोजले तर १ टक्का. चूक दहापट कमी करायला खर्च शंभरपट. याउलट डिटेक्टरच्या प्रत्येक चौकटीची गणती ६५,५३५ च्या आसपास संपते, त्यापुढचे तेजस्वी ठिपके नुसते 'भरले' म्हणून नोंदले जातात आणि निकामी होतात. तेजस्वी ठिपके म्हणजे रेणूचा ढोबळ आकार, तो गेला तर बारीक तपशील टांगायला खुंटीच उरत नाही.

आपल्या 'इंडस-२' ची आणखी एक गोष्ट. कड्यात इलेक्ट्रॉन ५५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टला भरतात आणि मग २५० कोटींपर्यंत चढवतात. त्यामुळे मध्येच चिमूटभर भर टाकता येत नाही, प्रवाह हळूहळू उतरत जातो आणि मग पुन्हा भरणा होतो. समजा, प्रवाह १५० मिलिअँपिअर असताना १० सेकंद पुरत होते, तर १०० झाल्यावर १५ सेकंद द्यावे लागतात. नाजूक मोजणी भरण्यानंतर लगेच सुरू करावी आणि निवडणीचे काम उतरत्या प्रवाहात उरकावे, हे त्यामुळे ओघाने आले. परदेशातल्या काही प्रखर बीमलाइनवर अख्खी मोजणी एका मिनिटात होते आणि स्फटिकही तेवढ्यातच खर्ची पडू शकतो. इथला किरण चुंबकाच्या साध्या वळणावरचा, त्यामानाने सौम्य. तिथे स्फटिकाचे आयुष्य अपुरे, इथे पाळीचे तास अपुरे. आमच्या मते शिकणाऱ्या मुलांना इथली संथ बीमलाइन अधिक मानवते. चित्र येताना दिसते, विचार करायला उसंत मिळते, आणि चुकीच्या वाटेवर असलो तर दहाव्या चित्राला थांबता येते.

आता नव्या रेणूचा महागडा मार्ग. डिटेक्टर ठिपक्याची तेजस्विता नोंदतो, पण लहर कोणत्या टप्प्यावर पोचली ते नोंदत नाही. वहीत सगळ्या रकमा आहेत आणि एकही तारीख नाही, अशी अवस्था. तारखांशिवाय खाते जुळत नाही. त्यासाठी एक युक्ती करतात. जिवाणूंकडून प्रथिन बनवून घेताना मेथिओनिन या घटकातल्या गंधकाच्या जागी सेलेनियम घालवतात. किरणांची ऊर्जा १२.६६ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास नेली की सेलेनियम ती अचानक जोराने शोषू लागते. त्या काठावर, एरवी जुळे असणाऱ्या ठिपक्यांच्या तेजस्वितेत थोडा फरक पडतो, आणि त्या फरकातून तारखा सापडतात. ऊर्जा हवी तशी निवडता येणे हे सिंक्रोट्रॉनचे मोठे बळ इथे कामी येते.

फरक किती, तर काही टक्के. म्हणजे मोजणीतली चूक त्याहून कमी हवी, आणि किरणांमुळे होणारे नुकसानही त्याहून कमी हवे. नाहीतर पहिला जुळा सकाळी मोजला आणि दुसरा स्फटिक थकल्यावर, तर दिसणारा फरक सेलेनियमचा की थकव्याचा, हे कळायला मार्ग नाही. यावर उपाय असा, थोडे अंश मोजायचे, लगेच स्फटिक १८० अंश वळवून तेवढेच अंश समोरून मोजायचे, मग पुढचा तुकडा. दोन्ही जुळ्यांचे वय जवळजवळ सारखे राहते. खर्च तोच, पण क्रम बदलल्याने हिशेब जुळतो. तसेच एकदाच जोरकस किरण देण्यापेक्षा तेवढीच मात्रा अनेक सौम्य फेऱ्यांत वाटलेली बरी. पहिल्या फेऱ्यांवर काम भागले तर पुढच्या सोडून देता येतात.

अलीकडे संगणकाने वर्तवलेली रचना आधाराला घेऊन तारखा शोधता येतात, त्यामुळे सेलेनियमची गरज पुष्कळदा पडत नाही. पण अंदाज आणि पुरावा यांत अंतर असतेच, आणि औषध खाचेत नेमके कसे बसले ते शेवटी ठिपकेच सांगतात.

पाळीचा उत्तरार्ध कसा घालवायचा हेही आधीच ठरलेले असावे. मोजलेली चित्रे तिथल्याच संगणकावर ताबडतोब चालवतात, स्फटिक झोतातून काढण्याआधी. पूर्णता किती टक्के आली, मोजणीचे दोन निम्मे भाग एकमेकांशी किती जुळतात, शेवटची चित्रे पहिल्यांच्या मानाने किती फिकी पडली, हे पाहतात. तेजस्वी ठिपके 'भरले' असतील तर किरण मंद करून, डिटेक्टर मागे नेऊन एक झटपट फेरी घेतात. तिला मात्रा नगण्य लागते आणि वेळ वीस-पंचवीस मिनिटे. हा वेळ सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवलेला असेल तरच मिळतो. मग स्फटिक पुन्हा द्रव नायट्रोजनमध्ये जातो, वहीत त्याच्यापुढे दिलेली मात्रा आणि उरलेली मात्रा लिहितात, आणि यंत्रमानव यादीतला दुसरा स्फटिक उचलतो.